सीएफमध्ये पोट, शुगर, लिव्हरवरच्या रिसर्चला मदत करायचीय, तर पैसा आणि वेळ नेमका कुठे द्यावा?

प्रश्न विचारणारे बाबा न्यू जर्सीत राहतात. मुलगी तेरा वर्षांची, तिला सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे आपण सगळे नुसतं सीएफ म्हणतो तो फुफ्फुसं, स्वादुपिंड, आतडी या सगळ्यांवर परिणाम करणारा जन्मजात आजार. ट्रायकाफ्टा हे सीएफचं औषध सुरू झाल्यापासून खोकला जवळजवळ गेलाय, अॅडमिट करायची वेळ आलेली नाही, पण पोट रोज दुखतं, फुगतं, आणि यंदाच्या ओजीटीटीत, म्हणजे गोड पाणी पाजून शुगर मोजतात त्या तपासणीत, दोन तासांची शुगर १६८ आली. आजोबांच्या नावाने घरातले सगळे मिळून थोडी रक्कम रिसर्चला द्यायची म्हणतायत. त्यांचं म्हणणं, सीएफचा सगळा पैसा फुफ्फुसांकडेच जातो असं ऐकलंय, मग पोट, लिव्हर, डायबेटिस यांच्या रिसर्चला तो पोचेल असं काय करावं, आणि पैसे सोडून आमच्यासारख्या साध्या माणसांना काही करता येतं का.

दादा, मी डाएटिशियन आहे, अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका सीएफ सेंटरमध्ये बरीच वर्षं काम करते, लहान मुलं आणि मोठी माणसं दोन्ही बघते, आणि आमच्याकडे ज्या स्टडीज चालतात त्यात कोणाला घ्यायचं, त्यांना समजावून कसं सांगायचं हेही माझ्याच वाट्याला येतं. डॉक्टर नाही, म्हणून लेकीच्या पोटदुखीचं निदान इथे करणार नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात अजून एक प्रश्न आहे असं मला वाटतं, की आमच्या मुलीला जो त्रास रोज होतोय त्याची कोणाला पडलीय का. हो, पडलीय, पण ते काम हळू का चाललंय ते आधी समजून घ्या, म्हणजे पैसा कुठे लावायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल.

फुफ्फुसांकडे पैसा जातो हे अर्धं खरं आहे. हा आजार पहिल्यांदा नीट ओळखला गेला तो पोटातूनच. १९३८ साली न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये डॉ. डोरोथी अँडरसन यांनी, सीलिअॅक (गहू न सोसण्याचा पोटाचा आजार) म्हणून धरलेल्या आणि दगावलेल्या बाळांची स्वादुपिंडं तपासली आणि त्यात छोट्या पोकळ्या आणि घट्ट वण बघितले, तिथून हा वेगळा आजार आहे हे कळलं. मग १९४८ च्या न्यूयॉर्कमधल्या उष्णतेच्या लाटेत ही मुलं कोलमडून हॉस्पिटलात यायला लागली म्हणून घामाकडे लक्ष गेलं आणि १९५३ मध्ये कळलं की घामात मीठ फार जातंय. म्हणजे स्वादुपिंड, आतडं, घाम हे सगळं आधीपासून समोर होतं. पण अन्न पचवायला मदत करणारे एन्झाइम आले, अँटिबायोटिक्स आली, मुलं वाढायला लागली आणि मग जीव जायचा तो फुफ्फुसांच्या इन्फेक्शनने, त्यामुळे पैसा तिकडे वळला आणि तो वळायलाच हवा होता. फुफ्फुसांवरचा तो पैसा वाया गेला असं मी कोणाला म्हणू देणार नाही. २००० च्या आसपास सीएफ फाउंडेशनने, म्हणजे सीएफसाठी देणग्या गोळा करणाऱ्या इथल्या संस्थेने, औषध शोधणाऱ्या कंपनीत पैसे घातले, त्यातूनच पुढे कॅलिडेको हे औषध आलं २०१२ मध्ये, आणि ट्रायकाफ्टा २०१९ मध्ये, आणि २०१४ मध्ये फाउंडेशनने आपले रॉयल्टीचे हक्क ३.३ अब्ज डॉलरला विकले. तुमच्या मुलीचा खोकला गेला तो त्याच वाटेने.

आता परिस्थिती बदलली. अमेरिकेच्या रजिस्ट्रीच्या, म्हणजे सीएफ पेशंटच्या देशभरच्या नोंदींच्या हिशोबाने २०१९ ते २०२३ मध्ये जन्मलेल्या सीएफच्या मुलांपैकी निम्मी ६१ वर्षांच्या पुढे जातील असा अंदाज आहे. माणूस इतकं जगणार म्हटल्यावर जे त्रास पूर्वी मागे राहायचे ते पुढे येणार. मोठ्यांमध्ये जवळजवळ निम्म्यांना सीएफचा डायबेटिस होतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा पाच ते दहा पट, म्हणून २०१८ पासून सांगितलंय की सीएफ असेल तर चाळिशीतच कोलोनोस्कोपी सुरू करा, ट्रान्सप्लांट झालं असेल तर तिशीपासून. लिव्हरचं सिरॉसिस पाच ते दहा टक्क्यांना, तेही बहुतेकदा लहानपणी किंवा किशोरवयात. हाडं ठिसूळ होणं, वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घेऊन ऐकू कमी येणं, किडनीवर ताण, पुरुषांमध्ये ९५ टक्क्यांहून जास्त जणांना नैसर्गिकरीत्या मूल न होणं, डिप्रेशन आणि अँग्झायटी, यादी मोठी आहे, मी सगळी इथे उलगडत बसत नाही.

आणि लोकांनी हे मागितलेलंही आहे. ब्रिटनमध्ये पेशंट, घरचे आणि डॉक्टर सगळ्यांना विचारून २०१७ मध्ये सीएफच्या रिसर्चचे पहिले दहा प्रश्न ठरवले, त्यात पहिला होता औषधोपचाराचा रोजचा व्याप कमी कसा करायचा आणि दुसराच होता पोटदुखी, पोट फुगणं, मळमळ यावर काय करायचं. फुफ्फुसाच्या आधी पोट! मला तेव्हा अजिबात नवल वाटलं नाही, कारण आमच्या क्लिनिकमध्ये डॉक्टर बाहेर गेले की आया माझ्याकडे वळून जे विचारतात ते हेच असतं.

मग अडलंय कुठे? माझ्या अनुभवात मोजमापावर अडलंय. फुफ्फुसाला एफईव्ही वन आहे, म्हणजे पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते ते, मुलगी जोरात फुंकते, मशीन आकडा देतं, सहा महिन्यांनी परत फुंकते, आकडा वर गेला की औषध चाललं. ट्रायकाफ्टाच्या मोठ्या ट्रायलमध्ये हा आकडा सरासरी १४ पॉइंटनी वर गेला आणि सगळ्या जगाला पटलं. पोटाला असं मशीन नाही. पोटदुखी आहे ती किती, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, ती सीएफमुळे की परीक्षेच्या टेन्शनमुळे की एन्झाइमची कॅप्सूल डब्यात विसरल्यामुळे, हे एका आकड्यात येत नाही. आणि आकडा नाही तर ट्रायल कशी बेतणार, कंपनी पैसा कशाच्या भरवशावर लावणार, एफडीए मंजुरी कशावर देणार. शिंप्याकडे टेपच नसेल तर कापड कितीही चांगलं आणलं तरी तो कपडा बेतणार कसा, तसंच आहे हे.

याचं एक ठसठशीत उदाहरण सांगते. ट्रायकाफ्टा आल्यावर अमेरिकेत प्रॉमिस नावाची मोठी स्टडी झाली, औषध सुरू करण्याआधी आणि नंतर लोकांचं सगळं बघायचं, फुफ्फुस, शुगर, लिव्हर, पोट. त्यात शीमधला कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारा पदार्थ, कमी झाला, छान. पण पोटाच्या त्रासाच्या प्रश्नावल्यांमध्ये सुधारणा इतकी थोडी दिसली की पेशंटला रोजच्या आयुष्यात फरक जाणवेल असं म्हणता येईना. आणि इकडे जर्मनीत येना इथल्या टीमने खास सीएफच्या पोटासाठी बनवलेली सीएफअॅब्ड स्कोअर नावाची वेगळी प्रश्नावली आहे, तिने मोजलं तर त्याच औषधाने पोटाचा त्रास बराच कमी झालेला दिसला. औषध तेच, आजार तोच, मोजपट्टी वेगळी आणि उत्तर वेगळं. प्रॉमिसमधल्या प्रश्नावल्या मुळात सीएफसाठी बनलेल्याच नव्हत्या, बद्धकोष्ठता आणि जठराच्या इतर आजारांसाठीच्या त्या उचललेल्या होत्या. म्हणून मी म्हणते की मोजपट्टी तयार करण्याच्या कामाला पैसा द्या, ते दिसायला अजिबात चमकदार नाही, त्याच्या बातम्या येत नाहीत, पण तिथे थोड्या पैशात फार काम होतं.

नॉटिंगहॅममध्ये एमआरआयने सीएफच्या लोकांच्या आतड्यात जेवणानंतर पाणी किती साठतं, अन्न पुढे किती हळू सरकतं हे बघितलंय, सुई नाही, रेडिएशन नाही, फक्त जेवायचं आणि मशीनमध्ये झोपायचं, परत परत. तिथे दिसलं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात माल अडून राहतो. हीच ती जागा जिथे डीआयओएस म्हणजे सीएफमधलं आतड्याचं ब्लॉकेज होतं. अशा कामातून उद्या पोटाचा एफईव्ही वन निघू शकतो. अमेरिकेत गॅलक्सी नावाच्या स्टडीत २६ सेंटरांमधून चारशेच्या आसपास लोकांनी आपल्या पोटाचे त्रास नीट प्रश्नावलीत भरून दिले, कोणतंही औषध दिलं नाही, फक्त नोंद. गॅस, पोट फुगणं, शी पूर्ण झाल्यासारखं न वाटणं, हे किती जणांना आहे ते पहिल्यांदा एवढ्या लोकांकडून एकसारख्या पद्धतीने कागदावर आलं. याला फाउंडेशनचाच पैसा होता हेही लक्षात घ्या. पोटाचे डॉक्टर सीएफमध्ये तयार व्हावेत म्हणून डायजेस्ट आणि हॉर्मोनचे डॉक्टर तयार व्हावेत म्हणून एन्व्हिजन असे दोन ट्रेनिंगचे कार्यक्रमही त्यांनीच काढले. त्यामुळे फाउंडेशनला दिलेला पैसा फुफ्फुसात गडप होतो हा समज काढून टाका.

आणि गंमत अशी की फुफ्फुसाच्या औषधांचं कितीतरी काम आतड्यावरच झालंय. १९९२ मध्ये सीएफचा पहिला उंदीर तयार केला तर त्याला फुफ्फुसाचा त्रास माणसासारखा झालाच नाही, आतडं तुंबून मेले ते. डुकराचं मॉडेल २००८ मध्ये आलं, त्या पिल्लांना जन्मतःच आतड्याचं ब्लॉकेज. हॉलंडमध्ये उट्रेख्टला पेशंटच्या गुदाशयातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, त्यापासून लॅबमध्ये छोटी आतडी वाढवतात आणि औषध घातल्यावर ती फुगतात का बघतात, फुगली तर औषध त्या माणसाला लागू पडण्याची शक्यता जास्त. ज्यांचं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बिघाड, दुर्मिळ आहे त्यांना यातून औषधाची वाट मिळालेली आहे. म्हणजे आतड्यावरच्या रिसर्चला दिलेला पैसा फुफ्फुसालाही उपयोगी पडतो, ही दोन भावंडं आहेत, यांच्यात वाटणीचं भांडण लावायची गरजच नाही.

आता रक्कम कुठे द्यायची. हे रकमेवर, तुमच्या सेंटरवर आणि तुम्हाला त्यात किती लक्ष घालायला वेळ आहे त्यावर अवलंबून आहे, त्यामुळे एकच उत्तर नाही. रक्कम लहान असेल, काही शे ते एखाद-दोन हजार डॉलर, तर ती चार ठिकाणी वाटू नका. फाउंडेशनला बिनशर्त द्या, किंवा तुमच्या स्वतःच्या सीएफ सेंटरच्या रिसर्च फंडात द्या. माझा कल दुसऱ्याकडे असतो, कारण पोटाच्या निरीक्षणाच्या स्टडीज अडतात त्या औषधाच्या खर्चावर नाही, त्या अडतात कोऑर्डिनेटरच्या पगाराच्या तासांवर, सॅम्पलच्या कुरिअरवर, कोरड्या बर्फावर. आमच्याकडे चांगली चाललेली स्टडी नुसती माणूस नाही म्हणून महिनोन्महिने थांबलेली मी बघितलीय. तिथे छोटी रक्कमही दिसते.

रक्कम मोठी असेल तर ठराविक कामासाठी म्हणून देता येते, बहुतेक हॉस्पिटलं आणि युनिव्हर्सिट्या घेतात, किती रकमेपासून ते प्रत्येकाचं वेगळं. पण तोंडी बोलण्यावर जाऊ नका, करारपत्रात लिहून घ्या. त्यात काय हवं? नुसतं सीएफ रिसर्च असं लिहिलं तर तो पैसा कुठेही जाऊ शकतो, म्हणून स्वादुपिंड, आतडं, लिव्हर, डायबेटिस यांपैकी जे असेल ते स्पष्ट लिहा, मात्र इतकंही आवळू नका की फक्त अमुक डॉक्टरांच्या अमुक प्रयोगालाच, कारण ते डॉक्टर दुसरीकडे गेले की पैसा अडकून पडतो. युनिव्हर्सिटी देणगीतून स्वतःच्या खर्चाला काही टक्के कापते का, किती, ते विचारा. आणि हे काम न झाल्यास पैसा कशाकडे वळवायचा तेही लिहून ठेवा. तुमची नोकरीची कंपनी मॅच करते का, म्हणजे तुमच्याइतकी रक्कम आपणही घालते का, ते बघा, इथल्या बहुतेक मोठ्या आयटी कंपन्या करतात, ते लोक विसरतात आणि अर्धा पैसा हातचा जातो.

मला विचाराल तर मोठ्या रकमेतून पायलट ग्रँट द्यावी. तरुण डॉक्टरला एक-दोन वर्षांपुरती छोटी रक्कम मिळाली की तो पंधरावीस पेशंटवर सुरुवातीचा डेटा काढतो, आणि त्या डेटाच्या जोरावर एनआयएचकडे, म्हणजे वैद्यकीय रिसर्चला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, मोठी ग्रँट मागतो. पहिला डेटा नसेल तर एनआयएच दारात उभं करत नाही. सीएफच्या पोट-डायबेटिसच्या कामाला सरकारी पैसा मुख्यतः एनआयएचच्या एनआयडीडीके या डायबेटिस आणि पोटाच्या इन्स्टिट्यूटकडून येतो, म्हणजे सरकारने त्याचं बजेट कापलं तर सगळ्यात आधी फटका तुम्हाला हव्या असलेल्याच रिसर्चला. म्हणून आपल्या काँग्रेसमनला पत्र लिहिणं हीसुद्धा मदतच आहे, त्यासाठी सिटिझन असावं लागत नाही, त्या मतदारसंघात राहता एवढं पुरे. फाउंडेशनचा टीन अॅडव्होकसी डेसुद्धा असतो, लेकीला बोलायची आवड असेल तर विचारा.

पैसे सोडून काय, याचं उत्तर मला जास्त मनापासून द्यायचंय. पहिलं म्हणजे रजिस्ट्री. सेंटरमध्ये कधीतरी कागदावर सही केली असेल, ती खरंच झालीय का विचारा. डायबेटिस, लिव्हर, हाडं यांचं दीर्घकाळचं जे काही माहीत आहे त्यातलं खूपसं तिथूनच येतं, पण तिथे जे भरलंच जात नाही ते दिसत नाही. दरवर्षीची ओजीटीटी दहाव्या वर्षापासून करायची असते, आणि बरेच जण, मोठे तर फारच, ती टाळतात, सकाळी उपाशी यायचं, ते संत्र्याच्या चवीचं अतिगोड पाणी प्यायचं आणि दोन तास बसून राहायचं, मुलांना नको वाटतं ते मला समजतं. पण एचबीए वन सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, सीएफमध्ये निदानाला भरवशाचं नाही, त्यामुळे ओजीटीटी टाळली की त्या मुलाचा त्रासही कळत नाही आणि रिसर्चमध्येही त्या वर्षाची जागा रिकामी राहते. तुमच्या मुलीची तुम्ही केलीत, हे फार चांगलं केलंत.

दुसरं, स्टडीत नाव द्या, आणि इथे मला भारतीय वंशाच्या घरांना मुद्दाम सांगायचंय. सीएफच्या स्टडीजमध्ये गोरे पेशंटच प्रचंड जास्त आहेत. आपल्याकडे एफ५०८डेल हे सीएफचं सगळ्यात नेहमीचं म्युटेशन युरोपियन लोकांपेक्षा कमी प्रमाणात सापडतं, बाकीची म्युटेशनं वेगळी असतात. शिवाय आतड्यातल्या जिवाणूंवर अन्नाचा परिणाम होतो आणि वरण-भात, पोळी, ताक, डाळी खाणाऱ्या शाकाहारी सीएफच्या मुलीच्या शीचं सॅम्पल त्या फ्रीजरमध्ये फार थोडं आहे. तिचं एक सॅम्पल तिथे खरोखर भर घालतं.

सॅम्पल म्हणजे काय ते आधी बघून घ्या, म्हणजे घाबरायला होत नाही. कमोडवर बसवायची प्लॅस्टिकची टोपी येते, चमचा लावलेली छोटी बाटली येते, त्यात थोडंसं घ्यायचं, बाटली दोन पिशव्यांत घालायची आणि घरच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवायची, दुसऱ्या दिवशी बर्फाच्या पॅकबरोबर कुरिअरला. आजीला हे फ्रीझरमध्ये ठेवलेलं आवडत नाही, हे मी कित्येक घरांत बघितलंय, म्हणून मी झाकणाचा वेगळा डबाच द्यायला लागले, त्यावर फक्त मुलीचं नाव, मग कोणी काही म्हणत नाही.

पण मुलीला विचारा. तेरा वर्षांची आहे, सही तुमची लागते तरी तिची संमती वेगळी घेतात, आणि ती खरी असायला हवी. आमच्याकडची एक मुलगी प्रश्नावली सगळ्या भरायची, रक्तही द्यायची, पण शीचं सॅम्पल नाही म्हणजे नाही. आई ओशाळली. आम्ही सांगितलं की काही हरकत नाही, जे देते ते घेऊ. औषधाच्या ट्रायलमध्ये तर आणखी विचार करा, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी, मिळू शकतो, जादा व्हिजिट, शाळा बुडते. निरीक्षणाच्या स्टडीज हलक्या असतात, सुरुवात तिथून करावी.

तिसरं, ज्यांना सीएफ नाही ते नातेवाईक-मित्रही उपयोगी आहेत. पोटाच्या स्टडीला तुलनेसाठी निरोगी माणसं लागतात आणि ती मिळत नाहीत. आई-बाबा सीएफच्या जनुकाचे वाहक असतात म्हणून बऱ्याचदा चालत नाहीत, भावंडंही असू शकतात, पण शेजारी, ऑफिसमधले मित्र, मराठी मंडळातली माणसं चालतात. गणपतीत दोन मिनिटं माईक मिळाला तर देणगीबरोबर हेही मागा.

आता मुलीबद्दल थोडं, कारण तुम्ही लिहिलंय म्हणून. १६८ ही मधली अवस्था, १४० ते १९९ मधली, २०० च्या पुढे गेलं तर डायबेटिसचा विचार करतात. हा टाइप टू नाही. भारतातून फोन येतील की भात बंद करा, बटाटा बंद करा, कारल्याचा रस द्या. कृपा करून काही बंद करू नका. सीएफमध्ये स्वादुपिंडच खराब झाल्यामुळे इन्सुलिन कमी पडतं, आणि अन्न तोडलं तर वजन जातं, वजन गेलं की फुफ्फुसही खाली येतं. गोड सरबत, ज्यूस नुसतं पिणं कमी करणं वेगळं, त्यावर तुमच्या डाएटिशियनशी बोला. ट्रायकाफ्टाने हे उलटेल का, तर काहींची शुगर सुधारते, पण सगळ्यांची नाही, आणि तेरा वर्षांच्या मुलीचं स्वादुपिंड परत पूर्ववत होईल अशी आशा मी लावणार नाही. लहान बाळांचं वेगळं, कॅलिडेको दोन वर्षांच्या आत किंवा पाचाच्या आत सुरू केलेल्या काही मुलांमध्ये शीमधला इलास्टेज वर आला, म्हणजे स्वादुपिंड थोडं कामाला लागलं. आयोवात तर फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या मादीला गरोदरपणात औषध देऊन पिल्लांचं स्वादुपिंड आणि आतडं वाचवून दाखवलंय, २०१९ मध्ये. पुढच्या बाळांसाठी हे दार उघडतंय, आणि पैसा देताना मला विचारलं तर याच्यासाठीही द्या.

पोटदुखीची एन्झाइमशी सांगड घालून बघा. कॅप्सूलचा डोस जेवणातल्या फॅटवर असतो, आणि आपल्या जेवणात फॅट दिसत नाही, पोळीचं तेल, फोडणी, भातावरचं तूप, आमटीतलं खोबरं, हे कोणी मोजत नाही. पण स्वतःहून कॅप्सूल वाढवू नका, जेवणामागे वजनाच्या किलोला २५०० लायपेज (फॅट पचवणारं एन्झाइम) युनिट आणि दिवसाला किलोला १०,००० ही मर्यादा आहे, १९९० च्या दशकात जास्त डोसने मुलांची मोठी आतडी आखडली होती त्यावरून ती ठरली. आणि दुखणं अचानक वाढलं, उलटी होतेय, शी बंद, उजवीकडे खाली गाठीसारखं लागतंय, तर बाकी सगळं सोडून इमर्जन्सीत जा.

काही जण विचारतात भारतात द्यावा का पैसा. द्यावा, पण तिथली गरज वेगळी आहे. भारतात सीएफ ओळखलाच जात नाही हा पहिला प्रश्न, घामाची तपासणीच फार थोड्या ठिकाणी होते. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. काबरा यांच्या टीमने स्वस्तातली घामाची तपासणी बसवली ती याच गरजेतून. आणि आपल्या उन्हात या मुलांच्या अंगातलं मीठ घामावाटे इतकं जातं की सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड घसरून बाळ निपचित होतं, अनेक भारतीय मुलांचा आजार पहिल्यांदा असाच कळतो, खोकल्याच्या आधी. फुफ्फुसाबाहेरचाच हा त्रास, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात किती बाळं नुसत्या जुलाबाची म्हणून धरली जात असतील याचा विचार करून मला झोप लागत नाही. तुम्ही अमेरिकन सिटिझन झाला असाल तर देणगी देताना त्या संस्थेचं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठीचं, रजिस्ट्रेशन चालू आहे का ते आधी बघा, नाहीतर तो पैसा घेताच येत नाही त्यांना.

थोडक्यात माझा क्रम असा: लहान रक्कम स्वतःच्या सेंटरच्या रिसर्च फंडाला, मोठी असेल तर लेखी करारासह पायलट ग्रँटला, त्यातही पोटाचा त्रास मोजायच्या पद्धतींवर काम करणाऱ्यांना आधी, आणि रजिस्ट्री, ओजीटीटी, एक हलकी स्टडी हे पैशाच्या आधी.

पुढच्या व्हिजिटआधी दोन आठवडे एक वही ठेवा. काय खाल्लं, तेल-तूप अंदाजे किती, कॅप्सूल किती आणि जेवणाच्या सुरुवातीला घेतल्या की मध्ये, पोट दुखलं तर शून्य ते दहात किती आणि किती वेळ, शी कशी. मुलीनेच लिहिलेली चांगली, तुम्ही लिहिलेली तिच्या दुखण्याबद्दल अंदाजच असतो. पानांचे फोटो आदल्या दिवशी पोर्टलवर डाएटिशियनला पाठवून द्या, कारण व्हिजिटच्या गडबडीत वही वाचायला कोणाला वेळ मिळत नाही, आणि त्याच मेसेजमध्ये विचारा की तुमच्याकडे पोटाची किंवा शुगरची कोणती स्टडी सध्या चालू आहे.